आम्ल पाणी, अ‍ॅल्युमिनियम आणि मासे : एका उशिरा लागलेल्या शोधाचा इतिहास

१९२० सालच्या शरद ऋतूत नैर्ऋत्य नॉर्वेतील रिफिल्के भागात फ्राफ्योर्ड, हेल्ले आणि दिरदाल या तीन नद्यांत सॅमन आणि ट्राउट जातीचे मासे मोठ्या संख्येने मरून पडले. नदीकाठी कारखाना नव्हता, खाण नव्हती, मोठे शहरही नव्हते. पाणी आरशासारखे स्वच्छ होते. गोड्या पाण्यातील माशांचे अभ्यासक हुइटफेल्ट-कोस यांनी या घटनेची कारणमीमांसा करणारा निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. अशा घटना त्या प्रदेशात त्यापूर्वीही घडल्या होत्या आणि पुढेही घडत राहिल्या. परंतु अशा पाण्यात मासा नेमका कशाने मरतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास १९८० साल उजाडावे लागले.

विज्ञानाच्या इतिहासात विलंब ही नवी गोष्ट नव्हे. या विलंबाचे वैशिष्ट्य असे, की उत्तराचे बहुतेक तुकडे १९४० पूर्वीच छापून झाले होते. ते दोन निरनिराळ्या देशांत, दोन निरनिराळ्या प्रकारच्या अभ्यासकांजवळ होते आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडली नाही. ही गाठ का पडली नाही आणि पडल्यावर काय घडले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

शिशाच्या नद्या

यांतील पहिला धागा वेल्समधील आहे. पश्चिम वेल्सच्या अ‍ॅबरिस्टविथ परिसरात एकोणिसाव्या शतकात शिसे आणि जस्त यांच्या खाणी जोरात चालत होत्या. खाणींतील चुरा आणि धुतलेल्या खनिजाचे पाणी रीडॉल व इस्टविथ या नद्यांत सोडले जाई. नद्यांतील मासे नाहीसे झाले होते. तेथील विद्यापीठ महाविद्यालयात काम करणाऱ्या कॅथलीन कार्पेंटर यांनी १९२० च्या दशकात या नद्यांतील जीवसृष्टीची पद्धतशीर पाहणी केली. १९२४ मध्ये त्यांचा शिशाच्या खाणींमुळे दूषित झालेल्या नद्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये धातूंचे विद्राव्य क्षार माशांना कसे मारतात यावरील प्रायोगिक निबंध आला.

कार्पेंटर यांचे प्रतिपादन थोडक्यात असे होते : धातूचा क्षार माशाच्या पोटात जाऊन विषासारखा काम करतो असे मानण्याचे कारण नाही. माशाच्या अंगावर व कल्ल्यांवर जो बुळबुळीत स्राव असतो त्याच्याशी धातूचा संयोग होतो, त्याचे साखळून पातळ पटल बनते आणि श्वासोच्छ्वास बंद पडून मासा गुदमरतो. पुढील संशोधनाने या मीमांसेत बरीच दुरुस्ती केली. तरीही धातू आणि मासा यांच्या झगड्याचे रणक्षेत्र कल्ला हे आहे, ही त्यांची मूळ दृष्टी टिकून राहिली. त्यांच्यानंतर त्याच परिसरात काम करणाऱ्या एरिक्सन जोन्स यांनी १९३८ मध्ये स्टिकलबॅक या लहान माशावर प्रयोग करून आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. पाण्यात कॅल्शियम असेल तर शिसे व जस्त यांची मारक शक्ती लक्षणीय प्रमाणात घटते. म्हणजे धातू किती आहे एवढेच पाहून भागत नाही; तो कोणत्या पाण्यात आहे हेही पाहावे लागते.

हे काम गाजले, पाठ्यपुस्तकांत गेले. पण ते ‘खाणींच्या दूषणाचे’ शास्त्र म्हणून ओळखले गेले. जेथे धातू ओतणारा कोणी आहे, तेथेच ते लागू पडते असे गृहीत धरले गेले.

चुनखडीची गाळणी

दुसरा धागा दक्षिण नॉर्वेचा, सोरलांदे या भागातील. हा प्रदेश ग्रॅनाइट आणि नाइस या कठीण खडकांचा. वर मातीचा थर पातळ. या खडकांची झीज अत्यंत मंद होते आणि तीतून कॅल्शियम फारच थोडे सुटते. त्यामुळे तेथील ओढ्यांचे पाणी जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकेच ‘मऊ’ असते, आणि पावसात जे येईल ते निमूटपणे स्वीकारते. दख्खनच्या बेसॉल्टवर राहणाऱ्या आपल्या वाचकांस ही परिस्थिती सहज डोळ्यांपुढे येणार नाही. बेसॉल्टच्या झिजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर मिळते, काळ्या मातीत चुन्याचे खडेही आढळतात. असे पाणी आलेले आम्ल बऱ्याच अंशी पचवून टाकते. नॉर्वेची कथा जशीच्या तशी आपल्या नद्यांना लावता येत नाही, ती यामुळे.

नॉर्वेत या प्रश्नाची पहिली खरी जाण मत्स्यबीज केंद्रांत काम करणाऱ्या माणसांना आली, हे आवर्जून नोंदविले पाहिजे. अंड्यांतून निघालेले मत्स्यजिरे विशिष्ट ओढ्यांच्या पाण्यात मरतात, विशेषतः बर्फ वितळण्याच्या दिवसांत मरतात, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. १९२६ मध्ये सुंडे यांनी शिकारी व मासेमारी करणाऱ्यांच्या नियतकालिकात, आम्ल पाणी सॅमन आणि ट्राउटच्या पिलांना मारते, असा स्पष्ट निष्कर्ष मांडला. पाणी चुनखडीच्या थरातून गाळून घेतल्यास पिले जगतात हेही त्या काळात केंद्रचालकांना माहीत झाले होते. १९२७ मध्ये क्नुट डाल यांनी आम्ल पाण्याचा ट्राउटच्या पिलांवरील परिणाम इंग्रजी वाचकांपुढे मांडला. पाण्याची आम्लता मोजण्याची सामू ही कल्पना सोरेनसेन यांनी कोपनहेगन येथे १९०९ मध्ये मांडलेली होती; ती तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती.

येथे एक विचित्र गोष्ट घडली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उपाय आधी सापडला आणि त्यामुळे कारणाचा शोध मागे पडला. चुनखडीने पिले वाचतात, मग ती का मरत होती हे विचारण्याची निकड केंद्रचालकाला उरत नाही. शिवाय आम्लता ही पाणथळ व शेवाळी जमिनीतून येणारी नैसर्गिक गोष्ट आहे, असेच बहुतेकांनी मानले. आम्लतेचा संबंध पावसाशी जोडण्याचे श्रेय आल्फ दानेविग यांना जाते. त्यांचा लेख १९५९ मध्ये आला. त्यापूर्वी शतकभर आधी, १८५२ मध्ये, रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी मँचेस्टरच्या पावसातील आम्ल मोजले होते, आणि ‘आम्ल पर्जन्य’ हा शब्दप्रयोग त्यांच्या १८७२ च्या ग्रंथामुळे रूढ झाला होता. पण स्मिथ शहरातील दगडी इमारती, कापड आणि झाडे यांचा विचार करीत होते. शेकडो मैल दूरच्या, समुद्रापलीकडील नदीचा विचार त्यांच्या चौकटीत नव्हता. तो स्वीडनमधील मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओदेन यांनी केला. पावसाच्या रासायनिक पृथक्करणाचे जाळे स्वीडनमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून उभे राहिले होते. त्याच्या नोंदी ओदेन यांनी १९६७ मध्ये स्टॉकहोमच्या एका दैनिकातील लेखात अशा रीतीने मांडल्या, की ब्रिटन व मध्य युरोपातील धुराड्यांतून निघालेला गंधक स्कँडिनेव्हियाच्या सरोवरांत उतरतो आहे, हे सामान्य वाचकालाही उमगले. १९७२ च्या स्टॉकहोम येथील संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेत स्वीडनने हाच विषय मांडला.

न जुळणारा हिशेब

आता प्रश्न राजकीय झाला होता आणि त्याबरोबर पुराव्याची मागणी कडक झाली. नॉर्वेने १९७२ मध्ये आम्ल पर्जन्याचा वने व मासे यांवरील परिणाम तपासणारा मोठा संशोधन प्रकल्प हाती घेतला; तो १९८० पर्यंत चालला. नॉर्वेजवळ एक दुर्मीळ साधन होते. सॅमनच्या नदीनिहाय पकडीची सरकारी आकडेवारी १८७६ पासून ठेवलेली होती. दक्षिणेतील सात आम्ल नद्या आणि उर्वरित देशातील अडुसष्ट नद्या यांची तुलना केली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. सात नद्यांतील पकड विसाव्या शतकाच्या आरंभापासून घसरत जाऊन १९७० च्या सुमारास जवळजवळ शून्यावर आली होती. अडुसष्ट नद्यांत अशी घसरण नव्हती. महसुलासाठी व मत्स्यव्यवसायाच्या देखरेखीसाठी ठेवलेली दप्तरे असा अनपेक्षित उपयोगी पडणारा पुरावा होऊ शकतात, हे इतिहासाच्या अभ्यासकांना वेगळे सांगावयास नको.

पण एक हिशेब जुळत नव्हता. युरोपीय अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय सल्लागार आयोगाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सामूविषयक सर्व प्रयोगांचा आढावा घेतला होता. सामू ५ ते ९ या मर्यादेत पाणी माशांना थेट प्राणघातक नसते, असे त्याचे मत होते. प्रयोगशाळेत पाण्यात नुसते आम्ल मिसळून केलेल्या प्रयोगांत ट्राउट ५ पेक्षा कमी सामूतही तग धरी. प्रत्यक्षात मात्र सामू ५ च्या वर असलेल्या ओढ्यांतही मासे मरत होते. आम्लता हेच कारण असेल, तर ती निसर्गात अधिक मारक आणि काचेच्या टाकीत कमी मारक का ठरावी? आम्ल पर्जन्याचा संबंध नाकारणाऱ्यांना हा प्रश्न फार सोयीचा होता.

उत्तर अमेरिकेतही हीच कोंडी होती. ओंटारियोतील सडबरी येथे निकेल व तांबे गाळण्याचे प्रचंड कारखाने होते. तेथील ३८१ मीटर उंचीचे धुराडे १९७२ मध्ये सुरू झाले. जवळच्या ला क्लोश टेकड्यांतील सरोवरांचा अभ्यास टोरांटोचे हॅरॉल्ड हार्वी आणि रिचर्ड बीमिश करीत होते. हार्वी यांनी १९६६ मध्ये लम्सडेन सरोवरात गुलाबी सॅमनच्या सुमारे चार हजार बोटुकल्या सोडल्या. पुढच्या वर्षी त्यांतील एकही हाती लागली नाही. या शोधातून १९७२ मध्ये त्यांचा सरोवरांच्या आम्लीकरणावरील प्रसिद्ध निबंध तयार झाला. सडबरीच्या परिसरात हवेतून तांबे व निकेलही पडत होते, त्यामुळे तेथे आम्ल कोणते काम करते आणि धातू कोणते, हे वेगळे करणे कठीण होते. नॉर्वेत आणि न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतांत मात्र असे धातूचे कारखाने नव्हते. म्हणून तेथे धातूचा विचारच कोणी केला नाही.

मातीतला धातू

निसटलेला दुवा अ‍ॅल्युमिनियम हा होता. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के असलेला, ऑक्सिजन व सिलिकॉन यांच्या खालोखाल सर्वांत विपुल असा हा मूलद्रव्य. तो प्रत्येक मातीत आहे. उदासीन पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे जीवसृष्टीच्या दृष्टीने असून नसल्यासारखा असतो. मातीतील पाण्याचा सामू ५.५ च्या खाली गेला की तो विरघळू लागतो आणि ओढ्यात उतरतो. स्वीडनमध्ये विल्यम डिक्सन यांनी १९७० च्या दशकात आम्ल सरोवरांतील वाढत्या अ‍ॅल्युमिनियमकडे लक्ष वेधले. कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल स्कोफिल्ड यांना अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये असे आढळले, की बर्फ वितळण्याच्या काळात मत्स्यबीज केंद्रातील मासे अशा सामूत मरतात ज्यात ते मरू नयेत. १९७९ मध्ये क्रोनन व स्कोफिल्ड यांनी आम्ल पर्जन्य उंच पाणलोट क्षेत्रांतील मातीतून अ‍ॅल्युमिनियम कसे सोडवते हे दाखवले. १९८० मध्ये ड्रिस्कॉल, बेकर, बिसोग्नी आणि स्कोफिल्ड यांचा निबंध आला. त्याने हे सिद्ध केले की एकूण अ‍ॅल्युमिनियम किती हा प्रश्न गौण आहे, ते कोणत्या रूपात आहे हे महत्त्वाचे. कुजलेल्या पानांतील सेंद्रिय द्रव्यांशी बांधले गेलेले अ‍ॅल्युमिनियम माशाला फारसे बाधत नाही. मुक्त, असेंद्रिय रूपातील मात्र लिटरमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम एवढे असले तरी मऊ पाण्यातील ट्राउटच्या पिलांना मारू शकते.

काचेच्या टाकीतील कोडे आता सुटले. टाकीत माती नव्हती.

त्याच सुमारास नॉर्वेतील लाइवेस्ताद आणि मूनिझ यांनी शरीरशास्त्राच्या बाजूने हीच वाट चालून पूर्ण केली. १९७५ च्या वसंत ऋतूत तोवदाल नदीत ट्राउट मेले, तेव्हा त्यांनी मरणाऱ्या माशांच्या रक्ताची तपासणी केली. रक्तद्रवातील सोडियम व क्लोराइड यांचे प्रमाण कमालीचे घसरलेले होते. १९७६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोड्या पाण्यातील माशाची मूळ अडचण अशी, की त्याचे रक्त सभोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असते. क्षार सतत कल्ल्यांतून बाहेर झिरपतात आणि माशाला ते तितक्याच सातत्याने कल्ल्यांतील विशेष पेशींच्या द्वारे पाण्यातून परत ओढून घ्यावे लागतात. हे काम थांबले तर तो मिठावाचून मरतो. हायड्रोजन आयन हे परत ओढणे अडवतात, आणि पेशींमधील सांधे घट्ट ठेवणारे कॅल्शियम हुसकावून गळती वाढवतात. रक्त दाट होते, हृदयावर ताण येतो. अ‍ॅल्युमिनियम या हानीत भर घालते आणि त्याशिवाय स्वतःची दुसरी हानीही करते. सामू ५.२ ते ५.४ च्या आसपास, जेथे ते पुन्हा घनरूप होण्याच्या काठावर असते, तेथे ते कल्ल्याच्या पृष्ठभागावर साचते, स्राव वाढतो आणि ऑक्सिजन आत जाणे कठीण होते. बेकर व स्कोफिल्ड यांनी १९८२ मध्ये दाखविल्याप्रमाणे अतिशय आम्ल पाण्यात, सामू ४.२ ते ४.८ मध्ये, अ‍ॅल्युमिनियमच्या उपस्थितीत अंडी उलट अधिक जगली. सर्वांत आम्ल पाणी हेच सर्वांत घातक पाणी असते, हा साधा समज त्यामुळे कोसळला.

वाचकांच्या ध्यानात आले असेल, की कल्ला, साखळलेला स्राव, गुदमरणे आणि कॅल्शियमचे संरक्षण या चारही गोष्टी कार्पेंटर व जोन्स यांनी वेल्समध्ये १९२४ ते १९३८ या काळात मांडल्या होत्या. नॉर्वेतील केंद्रचालकाची चुनखडीची गाळणी आणि जोन्स यांची कॅल्शियमची टाकी यांत फारसे अंतर नव्हते. अंतर होते ते ‘धातूचे दूषण’ आणि ‘आम्लतेचे दूषण’ या दोन कप्प्यांत. कारखाना नाही म्हणून धातू नाही, असे तर्कशास्त्र दोन पिढ्यांनी चालविले. विश्लेषणाची उपकरणे तेव्हा अपुरी होती हे खरे; तथापि उपकरण नसल्यामुळे प्रश्न विचारला गेला नाही, असे मानावयास प्रस्तुत लेखक तयार नाही. प्रश्न विचारला न गेल्यामुळे उपकरण तिकडे वळले नाही, ही बाजू अधिक बळकट दिसते.

जबाबदारी कोणाची

अ‍ॅल्युमिनियमचा शोध लागल्याने वाद मिटला नाही, तो अधिक अवघड झाला. मासा ज्या धातूने मरतो तो नॉर्वेच्याच मातीतला. मग ब्रिटनच्या वीजकेंद्रांना दोष कसा द्यावयाचा? ऑस्लो विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ इव्हान रोसेनक्विस्ट यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या देशातील प्रचलित मताविरुद्ध ग्रंथ लिहिला. मातीत साठलेल्या आम्लाच्या मानाने पावसातील आम्ल नगण्य आहे. डोंगरावरील कुरणे व शेती सोडून दिल्याने तेथे पुन्हा झुडपे व वने वाढली, आम्लधर्मी कुजका थर जमला आणि पाणी आम्ल झाले, असे त्यांचे म्हणणे. या मताची नंतर टिंगल झाली, पण ती अन्यायाची होती. मातीतील साठा मोठा आहे हा त्यांचा मुद्दा बरोबरच होता. त्याला उत्तर देण्यासाठीच हान्स मार्टिन साइप आणि इतरांना सल्फेटची भूमिका नीट मांडावी लागली. पावसातून येणारे सल्फेट मातीत न अडकता वाहून जाते, आणि जाताना विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी हायड्रोजन व अ‍ॅल्युमिनियम यांना सोबत घेऊन जाते. साठा मातीचा, पण तो वाहून नेणारी गाडी बाहेरून आलेली.

निर्णायक पुरावे दोन ठिकाणांहून आले. स्कॉटलंडमधील गॅलोवे येथील राउंड लॉक ऑफ ग्लेनहेड या सरोवराच्या गाळात साठलेल्या डायाटम या सूक्ष्म वनस्पतींची कवचे रॉजर फ्लॉवर व रिचर्ड बॅटरबी यांनी थराथराने मोजली. प्रत्येक जात विशिष्ट सामूत वाढत असल्यामुळे गाळ हा आम्लतेचा दस्तऐवज ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामू सुमारे ५.५ स्थिर होता. त्यानंतर तो ४.७ च्या आसपास घसरला. १९८३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. आम्लीकरणाचा आरंभ औद्योगिक युगाशी जुळत होता, कुरणे ओस पडण्याशी नव्हे. त्याच सुमारास नॉर्वेतील रिसदाल्सहाइया येथे रिचर्ड राइट व सहकाऱ्यांनी एका छोट्या पाणलोटावर पारदर्शक छप्पर उभारून आम्ल पाऊस अडविला आणि खाली स्वच्छ पाऊस शिंपडला. ओढ्यातील सल्फेट लवकरच उतरले. सामू मात्र सावकाश चढला, कारण मातीतील सेंद्रिय आम्ले तेथे होतीच. रोसेनक्विस्ट यांना एवढे श्रेय छपराखालीही द्यावे लागते.

ब्रिटनमधील वीज मंडळ व कोळसा मंडळ यांनी १९८३ मध्ये ५० लाख पौंड देऊन रॉयल सोसायटी आणि नॉर्वे व स्वीडन येथील विज्ञान अकादमींकडे हा विषय सोपविला. जॉन मेसन यांच्या नेतृत्वाखालील हे काम १९९० पर्यंत चालले. पैसे आरोपीने दिले आणि निष्कर्ष आरोपाच्या बाजूने निघाला, असा हा विरळा प्रसंग. मध्यंतरी, १९८६ मध्येच, ब्रिटनने काही मोठ्या वीजकेंद्रांच्या धुरातून गंधक काढण्याची यंत्रणा बसविण्याचे जाहीर केले होते. दूरवर जाणाऱ्या हवा-प्रदूषणाविषयीचा जिनिव्हा करार १९७९ चा. गंधकाचे उत्सर्जन ३० टक्के कमी करण्याचा हेलसिंकी येथील करार १९८५ चा. ब्रिटन या दुसऱ्या करारात सामील झाले नव्हते.

नद्या पुन्हा जिवंत करण्याच्या कामात अ‍ॅल्युमिनियमने आणखी एक धडा दिला. नॉर्वेने १९८० च्या दशकापासून नद्यांत चुनखडीची भुकटी टाकण्यास सुरुवात केली : औदना नदीत १९८५ मध्ये, तोवदालमध्ये १९९६ आणि मान्दालमध्ये १९९७ पासून. परंतु चुना टाकलेल्या प्रवाहास जेथे आम्ल ओढा येऊन मिळतो, त्या संगमावर मासे दोन्ही प्रवाहांपेक्षा अधिक वेगाने मरतात, हे रोसेलांद आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखविले. सामू अचानक चढतो, विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम घनरूप होऊ लागते आणि त्या काही मिनिटांच्या अवस्थेत ते कल्ल्यावर सर्वाधिक साचते. त्यामुळे चुना कोठे टाकावयाचा, संगमाच्या वर की खाली, हे पुन्हा नव्याने ठरवावे लागले.

तोवदाल व मान्दाल या दोन्ही नद्यांत सॅमन आता परत आले आहेत. गंधकाचा पाऊस १९८० च्या मानाने ऐंशी टक्क्यांहून अधिक घटला असला तरी तेथे चुना टाकणे अद्याप थांबलेले नाही, कारण मातीतून वाहून गेलेले कॅल्शियम त्या वेगाने भरून येत नाही. नद्यांतील मूळ सॅमनचा वंश मात्र चुना येण्यापूर्वीच संपला होता. आज तेथे पकडला जाणारा मासा शेजारच्या नद्यांतून वाट चुकून आलेल्या, किंवा इतर नद्यांच्या बीजापासून वाढवून सोडलेल्या माशांचा वंशज आहे.